चेहरा आहे, पण मूड नाही!

माणसासारखा दिसणारा रोबो बघून आपल्यातल्या अनेकांना कसंतरीच होतं. ऑटिस्टिक मंडळींना तो कसा दिसतो? उत्तर शोधायला गेले आणि प्रश्नच उलटा होऊन परत आला...

डिसेंबर २०१७. पवईच्या आयआयटीत टेकफेस्ट रंगला होता आणि सगळ्यांच्या नजरा एकाच पाहुणीकडे होत्या. हाँगकाँगच्या हॅन्सन रोबोटिक्सची सोफिया. चक्क साडी नेसून आली होती! तिनं नमस्ते केलं, पापण्या लवल्या, प्रश्नांना उत्तरं दिली. ते व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. आणि पाहता पाहता मनात एक बारीकशी पाल चुकचुकली असेल. साडी ठीक, चेहरा ठीक, बोलणंही ठीक. मग काहीतरी चुकतंय असं का वाटतंय?

लोणावळ्याच्या वॅक्स म्युझियममध्ये सेल्फी काढतानाही असंच होतं. पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकून आपण दात काढतो खरे, पण त्या काचेच्या डोळ्यांकडे जास्त वेळ बघवत नाही. बुजगावण्याची भीती वाटत नाही, गणपतीच्या देखाव्यातल्या हलत्या मूर्तींचीही नाही. भीती वाटते ती ‘जवळजवळ माणूस’ असलेल्या गोष्टीची.

पण ही भीती सगळ्यांनाच वाटते का? ज्यांना माणसांचेच चेहरे वाचणं अवघड जातं, त्यांचं काय? हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो माझ्या मावसभावामुळे. त्याच्याबद्दल पुढे सांगतेच. आधी या भीतीचा फण्डा समजून घेऊ.

दरीत उतरताना

१९७० साली टोकियोमधले रोबोटिक्सचे प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी एक छोटासा निबंध लिहिला. नाव होतं ‘बुकिमी नो तानी’. जगभर तो ‘अनकॅनी व्हॅली’ म्हणून गाजला. आपण त्याला म्हणू विचित्रपणाची दरी. मोरींचं म्हणणं असं की, यंत्र जितकं माणसासारखं दिसेल तितकं ते आपल्याला आवडत जातं. पण एका टप्प्यावर, अगदी माणसाजवळ पोचल्यावर, ही आवड धाडकन खाली कोसळते. त्यांनी उदाहरण दिलं होतं कृत्रिम हाताचं. दिसायला हुबेहूब. पण शेकहॅण्ड करायला जावं तर थंडगार, बिनहाडाचा स्पर्श. बास, अंगावर काटा!

‘द पोलर एक्स्प्रेस’ (२००४) हा अॅनिमेशनपट पाहून अनेकांना जे कससं झालं, त्याचं खापरही याच दरीवर फोडलं गेलं. कर्ट ग्रे आणि डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये आणखी एक धागा पुढे आणला. त्यांच्या मते आपण दचकतो ते रबरी चेहऱ्यामुळे नव्हे, तर ‘याला आतून काही वाटत असेल का?’ या शंकेमुळे. यंत्रानं हिशेब करावा, गाडी चालवावी, चालेल. पण त्याला दुखतंय, भूक लागलीये असं वाटलं की आपली फ्यूज उडते.

थोडक्यात काय, चेहऱ्यावरून आपण आतला माणूस शोधतो. तो सापडतोय-सापडत नाही अशा जागी आपण घाबरतो.

ती मुलं दरीत पडलीच नाहीत

आता ऑटिझमकडे येऊ. मराठीत त्याला ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द गोड आहे, पण जरा घोळ घालणारा. जणू ही माणसं स्वतःतच बुडालेली आहेत आणि बाहेरच्यांशी त्यांना देणंघेणंच नाही! खरं तर ही मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे. कुणी अजिबात बोलत नाही, कुणी तासभर थांबत नाही. कुणाला रोजच्या गोष्टींसाठी मदत लागते, कुणी तुमच्याच ऑफिसात कोडिंग करतंय. आवाज, उजेड, स्पर्श अंगावर येणं आणि बोलण्याबाहेरचे इशारे पकडताना दमछाक होणं, हे मात्र अनेकांच्या वाट्याला येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात दर १२७ माणसांमागे एक जण ऑटिस्टिक होता. म्हणजे विरारच्या एका भरलेल्या लोकलमध्येसुद्धा बरेच जण निघतील.

२०१८ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी लहान मुलांना चेहऱ्यांच्या जोड्या दाखवल्या. काही चेहरे कार्टूनसारखे, काही खऱ्यासारखे, काही मधले. काहींचे डोळे मुद्दाम मोठे केलेले. दोघांतला कुठला आवडला ते बोट दाखवून सांगायचं, एवढंच काम. इतर मुलांच्या आवडीत मोरींची दरी दिसली. खऱ्यासारख्या चेहऱ्यावर अवास्तव डोळे आले की त्यांची पसंती घसरली. ऑटिस्टिक मुलांच्या बाबतीत मात्र दरी दिसलीच नाही!

लगेच ‘वा, म्हणजे यांना रोबोची भीतीच नाही’ असा निष्कर्ष काढू नका. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात असं आढळलं की, साधारण नऊ वर्षांखालच्या कुठल्याच मुलांना माणसासारखा रोबो विशेष भयंकर वाटत नाही. ही भीती वाढत्या वयाबरोबर येते. म्हणजे दरी जन्मतः खणलेली नसते. असंख्य चेहरे पाहून पाहून ‘माणूस असा असतो’ ही अपेक्षा पक्की होते आणि ती मोडली की आपण दचकतो. ज्याचं चेहऱ्यांशी नातंच वेगळं, त्याची अपेक्षाही वेगळी असणार. हे म्हणणं मला तरी पटतं.

मूकाभिनय करणारा ‘रोबो’

इंग्लंडमध्ये १९९८ पासून ‘ऑरोरा’ नावाचा प्रकल्प चालू झाला. केर्स्टिन डाउटेनहान, बेन रॉबिन्स वगैरे मंडळी ऑटिस्टिक मुलांबरोबर रोबो खेळवत होती. २००६ मध्ये त्यांनी एक भन्नाट प्रयोग मांडला. एका मूकाभिनय कलाकाराला रोबोसारखं वागायला सांगितलं. एकदा तो नेहमीच्या कपड्यांत आला, एकदा साध्या एकरंगी पोशाखात, चेहरा झाकून. माणूस तोच, हालचाली त्याच. नेहमीच्या कपड्यांतल्या माणसाकडे मुलांनी फारसं लक्ष दिलं नाही. चेहरा झाकलेल्या ‘रोबो’जवळ मात्र ती आपणहून गेली, त्याला हात लावला. खऱ्या रोबोच्या बाबतीतही तेच. बाहुलीचा गोंडस चेहरा असलेल्या रोबोपेक्षा सुरुवातीला साधा, बिनचेहऱ्याचा रोबो मुलांना जवळचा वाटला.

याच टीमनं २००५ मध्ये कॅस्पर बनवला होता. लहान मुलाएवढा रोबो, डोक्यावर टोपी. त्याचा रबरी चेहरा मूळचा कृत्रिम श्वासाचं प्रशिक्षण द्यायच्या पुतळ्याचा! चेहऱ्यावर सुरकुत्या नाहीत, बारकावे नाहीत. हसला की हसला, वाईट वाटलं की वाटलं. सोफियाचा चेहरा अधिकाधिक भरत नेलेला, कॅस्परचा मुद्दाम रिकामा ठेवलेला. सोफिया आपल्याला खूश करायला बनली. कॅस्पर बनला तो आपल्या चेहऱ्यावरच्या गर्दीनं थकणाऱ्यांसाठी.

अनाउन्समेंटवाली बाई

आता मावसभाऊ. वय पंचवीस, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. त्याच्या ऑटिझमचं निदान कॉलेज संपता संपता झालं. तोवर तो घरात ‘हट्टी’ आणि शाळेत ‘रोबो’ होता. सपाट आवाजात बोलायचा, जोक उशिरा कळायचा, म्हणून हे नाव. एका शिक्षकांनीच ठेवलेलं.

या लेखासाठी मी त्याला सोफिया, कॅस्पर आणि आणखी दोन-चार रोबोंचे व्हिडिओ दाखवले. सोफिया त्यानं मध्येच बंद केली. ‘ताई, हिच्या चेहऱ्यावर खूप काय काय चाललंय आणि ते आवाजाशी मॅच होत नाहीये. हे माणसांसारखंच आहे.’ मला वाटलं होतं तो म्हणेल, ‘माणसासारखी नाही.’ त्याची तक्रार नेमकी उलटी!

कॅस्पर त्याला ‘ठीक’ वाटला. आणि सगळ्यात आवडता आवाज कुणाचा, तर लोकलमधल्या अनाउन्समेंटचा. लहानपणी आमच्याकडे ठाण्याला आला की तो मुद्दाम दोन स्टेशनं पुढे जाऊन यायचा. का, तर ‘ती बाई कधी वैतागून बोलत नाही. पुढील स्टेशन म्हणजे पुढील स्टेशन.’

हसू नका, यामागे सॉलिड लॉजिक आहे. एमआयटीतले पवन सिन्हा, मूळचे आपल्या दिल्लीचे, यांनी २०१४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर एक कल्पना मांडली. ऑटिस्टिक मेंदूला पुढचं भाकीत करणं अवघड जात असावं, त्यामुळे जग सतत अचानक अंगावर येणारं वाटत असावं. आणि माणसाच्या चेहऱ्याइतकं बेभरवशाचं जगात दुसरं काय आहे सांगा! बॉस ‘गुड जॉब’ म्हणतो तेव्हा त्याच्या भुवया काही वेगळंच सांगत असतात. रोबोला चेहरा असतो, पण मूड नसतो. दहाव्यांदा तोच प्रश्न विचारला तरी तो उसासा टाकत नाही.

केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांनी २००७ मध्ये याच तत्त्वावर ‘द ट्रान्सपोर्टर्स’ ही अॅनिमेशन मालिका आणली. रुळांवरून धावणाऱ्या गाड्या आणि त्यांना चिकटवलेले खऱ्या माणसांचे चेहरे. गाडी आपल्या ठरलेल्या मार्गानं जाते. मुलं त्या भरवशावर टेकून चेहऱ्यावरचा राग, आनंद निवांतपणे वाचू शकतात. चार आठवडे रोज ही मालिका पाहिल्यावर मुलांना भावना ओळखणं सोपं गेल्याचं अभ्यासात दिसलं.

सगळ्यांना एकच माप नको

मात्र ‘ऑटिस्टिक म्हणजे साधा रोबो’ असं समीकरणही मांडू नका. जपानमधले मानसोपचारतज्ज्ञ हिरोकाझू कुमाझाकी आणि त्यांच्या टीमनं ऑटिस्टिक तरुणांना अगदी हुबेहूब बाईसारख्या दिसणाऱ्या अँड्रॉइडसमोर बसवून नोकरीच्या इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस करवून घेतली. खऱ्या इंटरव्ह्यूत समोर माणूस असणार, म्हणून सराव माणसासारख्या चेहऱ्यासमोर. एका अभ्यासात तर तरुणांनीच अँड्रॉइड चालवून इंटरव्ह्यू घेणाऱ्याची भूमिका केली. कुठला रोबो आवडतो हे त्यांच्या अभ्यासातही माणसागणिक बदलत होतं. तुमची आणि तुमच्या सख्ख्या भावाची शर्टाची आवड तरी कुठे जुळते?

चेहरा हवाच असंही नाही. येल विद्यापीठातल्या ब्रायन स्कॅसेलाटींच्या टीमनं २०१८ मध्ये १२ कुटुंबांच्या घरी महिनाभर जिबो नावाचा रोबो ठेवला. तो दिसायला टेबललॅम्पचा भाऊ! रोज अर्धा तास खेळ, पालकांना सोबत घेऊन. महिन्याअखेर मुलं घरातल्या मोठ्यांशी जास्त नजर जुळवत होती, दुसरा जिकडे बघतोय तिकडे बघत होती. बारा घरं म्हणजे फार नाहीत, पण उत्साह वाटावा असं हे काम होतं.

इथेच एक काटा आहे. जिबो बनवणारी कंपनी चालली नाही. २०१९ मध्ये घराघरांतल्या जिबोंनी आपला सर्व्हर बंद होणार असल्याचं आपल्या मालकांना स्वतःच्याच आवाजात सांगितलं. शाळा आणि थेरपी सेंटर्समध्ये गाजलेला ५८ सेंटिमीटरचा नाओ, त्याची फ्रेंच कंपनी आल्डेबारान २०२५ मध्ये दिवाळखोरीत निघाली. कधीच न बदलणारा दोस्त म्हणून ज्याची ओळख करून दिली, तोच एक दिवस बंद पडला तर? आपण ‘चलता है’ म्हणू. ज्या मुलाचा भरवसाच त्याच्या न बदलण्यावर होता, त्याला काय सांगणार?

कारण हो, जीव लागतो. ऑटिस्टिक माणसांना भावना नसतात, म्हणून त्यांचं यंत्रांशी जमतं, ही आपली लाडकी समजूत. रिबेका व्हाइट आणि अॅना रेमिंग्टन यांनी २०१९ मध्ये तिला चांगलाच धक्का दिला. निर्जीव वस्तूंना भावना किंवा स्वभाव असल्यासारखं वाटणं हे ऑटिस्टिक प्रौढांमध्ये अधिक वेळा आढळलं. माझ्या भावाच्या कपाटात त्याचे सगळे जुने मोबाइल आहेत. एक्स्चेंज ऑफर त्याच्यासाठी नाहीच. ‘इतकी वर्षं काम केलं त्यानं, आता त्याला अनोळखी माणसाकडे कसं देऊ?’

दरी नेमकी कुणाची?

आता येते खरी गंमत. अमेरिकेतल्या नोआ सॅसन यांच्या टीमनं २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऑटिस्टिक आणि इतर माणसांचे काही सेकंदांचे नमुने लोकांना दिले. काहींना व्हिडिओ, काहींना फक्त आवाज, काहींना फोटो, काहींना नुसता लिहिलेला मजकूर. कोण कुठल्या गटातलं हे सांगितलं नव्हतं. ऑटिस्टिक माणसांना पाहून-ऐकून लोकांनी झटक्यात नापसंती दाखवली. यांच्याशी गप्पा मारायला, यांच्या शेजारी राहायला ते कमी राजी होते. पण फक्त मजकूर वाचणाऱ्यांमध्ये ही नापसंती गायब! म्हणजे ती माणसं काय बोलत होती यात काहीच खोट नव्हती. खोट वाटली ती चेहऱ्यात, आवाजात, हातवाऱ्यांत. माणूसच, पण आपल्या अपेक्षेपेक्षा जरासा वेगळा. ओळखीचं वाटतंय ना? ‘साडी ठीक, चेहरा ठीक, बोलणंही ठीक...’

सोफियाकडे बघताना चुकचुकणारी पाल आपण जिवंत माणसांवरही सोडतो. फरक एवढाच की सोफियाला त्याचं काही वाटत नाही. ‘रोबो’ म्हणून हाक मारलेल्या मुलाला वाटतं.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्येच हे सांगितलं होतं. दोन वेगळ्या घडणीची माणसं भेटली की गैरसमज दोन्हीकडून होतो, पण बिल फाडलं जातं ते एकाच्याच नावावर. २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन यांच्या टीमनं आपल्या कानगोष्टींसारखा खेळ आठ-आठ जणांच्या साखळ्यांत खेळवला. एकानं ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला सांगायची, दुसऱ्यानं तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच शाबूत राहिली जितकी इतरांच्या साखळीत. गळती झाली ती मिश्र साखळीत!

मग प्रश्न पडतो की, रोबोकडून आपण ऑटिस्टिक मुलांना नेमकं काय शिकवतोय? बऱ्याच कार्यक्रमांचं ध्येय असतं, नजरेला नजर भिडव. पण २०१७ मध्ये बॉस्टनमधल्या संशोधकांना दिसलं की, डोळ्यांत बघायला भाग पाडलं तर ऑटिस्टिक माणसांच्या मेंदूचा खोल भाग प्रमाणाबाहेर पेटून उठतो. म्हणजे नजर चुकवणं हा उद्धटपणा नसून, भर उन्हात डोळ्यांवर हात धरण्यासारखं आहे. आणि या सगळ्यात त्यांना स्वतःला काय हवंय? २०२४ मध्ये नाबा रिझवी आणि सहकाऱ्यांनी ऑटिझम आणि रोबो या विषयावरचे १४२ शोधनिबंध तपासले. बहुसंख्य निबंधांत ऑटिस्टिक लोकांचं म्हणणं विचारातच घेतलं नव्हतं. यांच्यासाठी चेहरा कसा हवा, हे यांना सोडून सगळ्यांनी ठरवलं.

मी भावाला विचारलं, तुझ्यासाठी रोबो बनवायचा तर काय शिकवशील त्याला? त्यानं नेहमीप्रमाणे बराच वेळ घेतला. मग म्हणाला, ‘मला कशाला? मीटिंगमध्ये ठेवा. सगळ्यांच्या बोलण्याचा अर्थ एका वाक्यात स्क्रीनवर दाखवेल असा. आणि मी बोललो की त्यांना माझा दाखवेल.’

असा रोबो मार्केटमध्ये येईल तेव्हा येईल. तोवर ते काम आपल्यालाच करावं लागणार, आणि त्याला रबरी चेहरा लागत नाही.

चौकट : तुमच्या टीममध्ये असा दोस्त असेल तर...

• काम लिहून द्या. ‘जरा बघून घे’ म्हणजे काय? काय, किती, कधीपर्यंत, ते स्पष्ट सांगा.
• मीटिंगचा अजेंडा आधी पाठवा. वेळ किंवा जागा बदलली तर ऐनवेळी नको, लगेच कळवा.
• तो डोळ्यांत बघत नसेल तर ऐकत नाही असं समजू नका. बहुधा नीट ऐकता यावं म्हणूनच तो बघत नाहीये.
• इंटरव्ह्यू घेत असाल तर शेकहॅण्ड आणि स्माइलला मार्क देऊ नका. कामाचा नमुना मागा.
• दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ऑटिझमचा समावेश आहे. या कायद्यानुसार सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार अशा गटांसाठी मिळून आहे. एचआरला हे माहीत आहे का, विचारून बघा!
• आणि कुणालाही, गमतीतसुद्धा, ‘रोबो’ म्हणू नका.